नारळी पुनवेनंतर मशिनीचा दम जातो? बोअर करायच्या आधी कॉम्प्रेशन मोजा

१ जूनला मासेमारीबंदी लागते आणि ३१ जुलैला उठते, एकूण ६१ दिवस. पावसाळ्यात होडी शाकारून ठेवायची, मशीन, म्हणजे होडीच्या मागे लावायचं आउटबोर्ड इंजिन, उतरवून घरात आणायची, आणि नारळी पुनवेला दर्याला नारळ देऊन पहिली फेरी मारायची, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. तक्रारही त्या पहिल्या फेरीतच सुरू होते. मशीन दोरी ओढली की सुरू होते, खाडीत बरी चालते, पण खाडीच्या तोंडाशी लाटा अंगावर आल्या आणि थ्रॉटल पूर्ण उघडला की नुसता आवाज वाढतो, होडी काही रेटा धरत नाही. मेमध्ये जी मशीन जाळ्यासकट ओढत होती, तिला ऑगस्टमध्ये रिकामी होडी जड जाते.

आमच्या वर्सोव्याच्या मशिनीला हे सलग चार वर्षं झालं. दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक, रॉकेलवरची जुनी १५ हॉर्सपॉवर आहे. पहिल्या वर्षी मिस्त्रींनी दोरी दोनदा ओढली आणि "कॉम्प्रेशन गेलंय, बोअर करा" म्हणाले. कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये हवा किती दाबतो ते, आणि बोअर म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कातून मोठा करायचा आणि त्यात मोठा पिस्टन बसवायचा. ०.२५ मिमी ओव्हरसाइजचे पिस्टन बसले. पुढच्या ऑगस्टला तेच झालं, आणि ०.५० मिमीचे बसले. त्यापुढच्या मापाचा पिस्टन आम्हाला बाजारात मिळेना. म्हणजे तिसऱ्यांदा बोअर म्हटलं की लायनरच (सिलिंडरच्या आतली नळी) बदलावा लागणार, आणि तेवढ्या पैशात चुलतभावाने जुनी मशीन घेतली होती. तेव्हा पहिल्यांदा मुंबईच्या नागदेवी बाजारात जाऊन कॉम्प्रेशन मोजायचा गेज घेऊन आलो. या दोन्ही बोअरच्या वेळी एकदाही कोणी आकडा मोजला नव्हता. मिस्त्रींनी नाही आणि आम्हीही मागितला नाही. त्यामुळे त्या बोअरची गरज होती की नव्हती, हे आज कोणालाच सांगता येणार नाही. हे लिहायचं कारणही तेच आहे.

गेज घेताना

स्पार्क प्लगच्या भोकात स्क्रू होणारा गेज घ्या. हाताने दाबून धरायचा रबरी टोकाचा गेज गाडीच्या इंजिनाला ठीक आहे, पण आउटबोर्डला प्लग आडवे असतात आणि एक जण दोरी ओढत असताना दुसऱ्याने तो दाबून धरला की हवा हमखास निसटते. आपल्या बहुतेक जुन्या टू-स्ट्रोक मशिनींना १४ मिमीचा, आखूड आट्यांचा प्लग लागतो. आटे जेमतेम १२.७ मिमी. गेजबरोबर येणारं अ‍ॅडॅप्टर त्याहून लांब असेल तर ते आत घुसून पिस्टनला लागू शकतं. म्हणून प्लग आणि अ‍ॅडॅप्टर शेजारी धरून लांबी बघा, मगच लावा.

दुसरी गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. गेजमध्ये हवा अडवून धरणारी छोटी व्हॉल्व्ह असते. ती नळीच्या प्लगकडच्या टोकाला हवी. ती वर गेजपाशी असेल तर मधली सगळी नळी सिलिंडरच्या जागेत धरली जाते. आपल्या मशिनीचा सिलिंडर लहान, त्यात नळीची जागा वाढली की चांगल्या मशिनीचाही आकडा पडतो. ती व्हॉल्व्ह हरवली म्हणून सायकलच्या दुकानातून टायरची व्हॉल्व्ह आणून बसवणारेही पाहिलेत. तिची स्प्रिंग कडक असते, त्यामुळे आकडा कमी येतो आणि माणूस विनाकारण मशीन खोलतो.

गेजवर दोन मापं असतात, किलो (प्रति चौरस सेंटीमीटर) आणि पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच). ७ किलो म्हणजे जवळपास १०० पीएसआय. वहीत लिहिताना दरवेळी एकच माप लिहा.

मोजायची पद्धत

मशीन गरम हवी. होडीवर असेल तर खाडीत एक चक्कर मारून या. घरी असेल तर लाकडी घोडीवर टांगून खाली पाण्याचं मोठं पिंप ठेवा. इनटेकच्या, म्हणजे थंड करायचं पाणी आत ओढणाऱ्या, जाळीच्या वर चांगलं पाणी हवं. पाण्याशिवाय एक मिनिटही चालवू नका. पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा, म्हणजे इम्पेलर, कोरडा फिरला तर काही सेकंदांत जळतो. पाच-सात मिनिटं चालवा. रॉकेलची मशीन असेल तर बंद करायच्या आधी पेट्रोलवर घ्या, म्हणजे कार्बोरेटरमध्ये रॉकेल उरत नाही. मग इंधनाची नळी काढा.

दोन्ही प्लग काढा, एकच नाही. एक प्लग आत राहिला तर दोरी ओढताना त्या सिलिंडरचा जोर लागतो, वेग कमी पडतो, आणि दोन आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. प्लगच्या टोप्या वायरला धरून खेचू नका, आधी थोड्या फिरवा. वरचा सिलिंडर एक नंबर, खालचा दोन नंबर. प्लग त्याच क्रमाने फडक्यावर ठेवा, कारण थोड्या वेळाने ते तुमच्याशी बोलणार आहेत.

आता किल स्विचची क्लिप काढा आणि दोन्ही प्लगच्या वायरी इंजिनाच्या धातूला टेकवून अर्थ करा. प्लगच्या भोकातून इंधनाची वाफ बाहेर फेकली जाते. तिथे ठिणगी पडली तर आग लागते. वायरी मोकळ्या लोंबत ठेवून दोरी ओढत राहिलं तर ठिणगी तयार करणाऱ्या सीडीआय आणि कॉइललाही धोका असतो. गियर न्यूट्रलला ठेवा. प्रोपेलरजवळ लहान मुलं नकोत. हे काम उघड्यावरच करा, खोलीत नाही.

सगळ्यात जास्त चूक होते ती थ्रॉटलमध्ये. मोजताना थ्रॉटल पूर्ण उघडा लागतो, नाहीतर सिलिंडरला पुरती हवाच मिळत नाही. पण बऱ्याच मशिनींना न्यूट्रलमध्ये हँडल पूर्ण फिरत नाही, मध्येच अडतं. तिथे जोर लावू नका. कव्हर काढून कार्बोरेटरची बटरफ्लाय (हवेच्या वाटेतली झडप) बोटाने पूर्ण उघडी धरा. चोक पूर्ण उघडा आहे ना, तेही बघा. आमच्या पहिल्या मोजणीत थ्रॉटल अर्धाच उघडा होता. दोन्ही आकडे साठच्या आत आले आणि वडील मटकन खालीच बसले. बटरफ्लाय उघडून पुन्हा मोजलं तेव्हा कुठे खरं चित्र दिसलं.

गेज हाताने घट्ट करा, पाना नको. एका माणसाने सारख्या जोराने, पूर्ण लांबीची दोरी ओढायची. दोन्ही सिलिंडरला तोच माणूस हवा, म्हणजे थकवा सोडला तर फरक राहत नाही. काटा प्रत्येक ओढीला चढत जातो आणि पाचव्या-सहाव्या ओढीला थांबतो. तो थांबला तिथला आकडा लिहा. पहिल्या ओढीला काटा किती चढला तेही शेजारी लिहा. निरोगी सिलिंडर पहिल्याच ओढीत बराच वर जातो. रिंगा (पिस्टनभोवती हवा अडवणारी कडी) सुटलेला सिलिंडर हळूहळू, रेंगाळत चढतो. मग दुसरा सिलिंडर घ्या, आणि शेवटी पहिला पुन्हा एकदा मोजून घ्या.

आकडा किती असावा?

हा प्रश्न सगळे विचारतात, आणि चुकीचं उत्तर ऐकून मशीन खोलतात. जुन्या पेट्रोलच्या टू-स्ट्रोक आउटबोर्डला बहुधा १०० ते १३० पीएसआय मिळतात. रॉकेलच्या मशिनीला तेवढे मिळणारच नाहीत. रॉकेलचा ऑक्टेन कमी असतो, जास्त दाबलं तर ते वेळेआधी पेटतं आणि मशीन ठोकते. म्हणून कंपनीच रॉकेलच्या मॉडेलचं कॉम्प्रेशन कमी ठेवते. शेजारच्या पेट्रोलच्या मशिनीला ११५ आले आणि आपल्याला ९० आले म्हणून आपली मशीन खराब, असा हिशोब करू नका. त्या हिशोबाने चांगल्या मशिनीही बोअरला गेल्यात.

खरा आकडा दोन सिलिंडरमधल्या फरकाचा. जास्त आकडा असलेल्या सिलिंडरपेक्षा दुसरा दहा टक्क्यांहून खाली असेल तर काहीतरी बिघडलंय. त्याहून मोलाचा आकडा म्हणजे तुमच्याच मशिनीचा, त्याच गेजवरचा, आधीचा आकडा. दोन गेजमध्ये दहा पीएसआयचा फरक सहज निघतो. गेज बदललात तर जुन्या वहीशी तुलना करता येत नाही.

आता नेमकं कुठे बिघडलंय

दोन्ही सिलिंडर सारखेच कमी, समजा ६० आणि ६२. आधी गेज, थ्रॉटल आणि गरम-थंड यांच्यावर शंका घ्या, इंजिनावर नंतर. सगळं नीट करून पुन्हा तेच आले, तर दोन शक्यता आहेत. मशीन खरोखर झिजलीय, किंवा दोन्ही सिलिंडरच्या मधली हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्याच्या झाकणातला हवाबंद पत्रा) उडालीय आणि हवा एकातून दुसऱ्यात जातेय. गॅस्केट उडालेली असली की मशीन तापते. टेलटेलच्या, म्हणजे मशीन थंड करून बाहेर पडणाऱ्या धारेच्या, पाण्यातून बुडबुडे किंवा वाफ येते. प्लगवर पाण्याचे थेंब दिसतात. प्लगच्या भोकातून बॅटरी मारून पिस्टनचा माथा बघा. एकावर काजळी आणि दुसरा धुतल्यासारखा लख्ख, तर त्या लख्ख सिलिंडरमध्ये पाणी शिरतंय.

गॅस्केट बदलायची वेळ आली तर नुसती नवी टाकून हेड कसू नका. हेडवर सरळ पट्टी ठेवून खालून फीलर गेज (मापाच्या पातळ पात्या) घालून बघा. ०.१ मिमीची पाती सरकत असेल तर हेड वाकलंय. जाड काचेवर ओला पॉलिश पेपर ठेवून ते आठच्या आकड्यात घासून सपाट करता येतं. बोल्ट मधून बाहेर, आडवेतिडवे, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने कसा. आपल्याकडे हे सर्रास हाताच्या अंदाजाने कसतात, म्हणून तीच गॅस्केट सहा महिन्यांत पुन्हा उडते.

एकच सिलिंडर कमी असेल तर सिलिंडरमध्ये तेल घालून बघायची चाचणी सगळे सांगतात. चमचाभर टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं, तेल घालायचं आणि पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर गॅस्केट किंवा पिस्टन. पण ही चाचणी उभ्या सिलिंडरच्या गाड्यांसाठी आहे. आउटबोर्डचा क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) उभा आणि सिलिंडर आडवे असतात. तेल ओतलं की ते खालच्या बाजूला साचतं आणि रिंगांचा वरचा अर्धा भाग कोरडाच राहतो. म्हणून तेल घातल्यावर फ्लायव्हील, म्हणजे मशिनीच्या डोक्यावरचं जड चाक, हाताने आठ-दहा वेळा फिरवा, प्लगच्या भोकावर फडकं धरा आणि मग मोजा. फिरवायचं ते घड्याळाच्या दिशेनेच. उलट फिरवलं तर खालच्या इम्पेलरच्या पात्या उलट्या वळून मोडतात. तेल चमचाभराहून जास्त झालं तर त्याचीच जागा भरते आणि आकडा खोटा चढतो. एवढं करूनही या चाचणीचा निकाल मी फक्त इशारा म्हणून धरतो.

त्याहून खात्रीचं काम म्हणजे डोळ्यांनी बघणं. एक्झॉस्टचं कव्हर काढलं की पोर्टमधून, म्हणजे धूर बाहेर जायच्या भोकातून, पिस्टन आणि रिंगा दिसतात. रिंग लाकडी काडीने हलकीच दाबा. आत जाऊन परत उसळली तर मोकळी आहे. दगडासारखी बसलेली असेल तर ती झिजलेली नाही, अडकलेली आहे. कार्बनने किंवा गंजाने. पिस्टनवर उभे ओरखडे असतील, किंवा प्लगच्या टोकावर अ‍ॅल्युमिनियमचे बारीक चकाकते कण चिकटले असतील, तर पिस्टन खाल्ला गेलाय. मग खोलण्यावाचून गत्यंतर नाही. मात्र या कव्हरचे बोल्ट खाऱ्या पाण्याने खाल्लेले असतात. दोन दिवस आधीपासून गंज सोडवायचं तेल मारून ठेवा आणि जोर करू नका. ब्लॉकमध्ये तुटलेला बोल्ट मूळ बिघाडाहून महागात पडतो.

झिजलेली रिंग बदलावी लागते. अडकलेली रिंग सोडवता येते. दोन्हींचा गेजवरचा आकडा मात्र सारखाच दिसतो, आणि नुसता आकडा बघूनसुद्धा बोअर करू नये, ते याचसाठी.

आमच्या मशिनीत काय निघालं

त्या तिसऱ्या वर्षी एक नंबरला ८८ आणि दोन नंबरला ६१ पीएसआय आले. पोर्टमधून पाहिलं तर दोन नंबरच्या रिंगा घट्ट बसलेल्या आणि लायनरवर तपकिरी डाग. काजळी नव्हती, गंज होता. प्लगच्या भोकातून गंज सोडवायचं तेल आणि टू-टी तेल मिसळून घातलं. रोज सकाळ-संध्याकाळ फ्लायव्हील थोडं फिरवायचं, असं चार दिवस केलं. पाचव्या दिवशी तेल बाहेर काढून, पिंपात चालवून मोजलं तर ८६ आणि ८०. दहा-बारा तास समुद्रात चालवल्यावर ८८ आणि ८५. नव्या प्लगखेरीज काही विकत आणावं लागलं नाही.

पण गंज आला कुठून? पुढच्या मेमध्ये मशीन उतरवायच्या आदल्या दिवशी मोजली, ९० आणि ८७. ऑगस्टमध्ये बाहेर काढली तर दोन नंबर पुन्हा सत्तरच्या घरात. या दोन मोजण्यांच्या मध्ये मशीन एक मिनिटही चालली नव्हती. म्हणजे दम समुद्रात गेला नव्हता, आमच्या घरात, माळ्यावर गेला होता.

माळा उतरता आहे. जागा वाचावी म्हणून आम्ही मशीन आडवी ठेवायचो आणि तिचा पाय, म्हणजे प्रोपेलरची बाजू, उंच भागाकडे यायची. पायात आणि एक्झॉस्टच्या नळीत खारं पाणी उरलेलं असतंच. पाय वर आणि डोकं खाली म्हटल्यावर ते पाणी एक्झॉस्टमधून उतरून सिलिंडरमध्ये जातं. दोन सिलिंडरच्या मशिनीत एक पिस्टन वर असतो तेव्हा दुसरा खाली, म्हणून एकाचा एक्झॉस्ट पोर्ट बंद आणि दुसऱ्याचा सताड उघडा. पाणी शिरलं ते उघड्या सिलिंडरमध्ये. एकच सिलिंडर का मरतो, याचा उलगडा आम्हाला तिथे झाला. त्यावर दोन महिने मुंबईचा पावसाळी दमटपणा.

आता काय करतो ते सांगतो. शेवटच्या फेरीनंतर गोड्या पाण्याच्या पिंपात पंधरा मिनिटं चालवतो, म्हणजे पाण्याच्या वाटांमधलं मीठ धुऊन जातं. मग इंधनाची नळी काढून कार्बोरेटर रिकामा होऊन मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवतो आणि त्या शेवटच्या मिनिटात कार्बोरेटरच्या तोंडातून टू-टी तेल थोडं थोडं पाजतो. पांढरा धूर येतो, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे तेल, फ्लायव्हील फिरवून प्लग परत. एक पूर्ण दिवस मशीन उभी टांगून ठेवायची, पायातलं पाणी निथळू द्यायचं. नंतरही शक्यतो उभीच. आडवी ठेवावीच लागली तर डोकं पायापेक्षा वर. दर रविवारी आई फ्लायव्हीलला घड्याळाच्या दिशेने अर्धा-पाऊण फेरा देते, म्हणजे पिस्टन एकाच जागी बसून राहत नाही. हे काम तिने स्वतःहून घेतलंय आणि एकही रविवार चुकवत नाही.

कॉम्प्रेशन चांगलं, तरी दम नाही?

असंही होतं. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या खालीसुद्धा, क्रँककेसमध्ये, दाब तयार व्हावा लागतो. क्रँकचं सील गळत असेल किंवा रीडची (कार्बोरेटरमागच्या एकतर्फी झडपेची) पाती तुटली असेल तर वरचा गेज ठणठणीत आकडा दाखवेल आणि मशीन तरी ओढणार नाही. रीड तुटलेली असली की कार्बोरेटरच्या तोंडातून इंधन उलटं शिंतोडतं. इंधन पंपाचा पडदा रॉकेलने कडक होतो, मग जास्त थ्रॉटलला इंधन पुरत नाही. त्या वेळी टाकीचा हातपंप दाबत राहिलं आणि मशिनीने जोर धरला, तर दोष पंपाचाच. आणि प्रोपेलरच्या आतलं रबर सुटलं असेल तर मशीन ओरडते, प्रोपेलर मागे राहतो. शाफ्टवर बसणाऱ्या आतल्या हबवर आणि पात्यांच्या बाहेरच्या भागावर रंगाने सरळ रेघ मारून एक फेरी करून या. रेघ तुटली तर कळलंच.

आपल्या खाड्यांतल्या मशिनींसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. मालाडची खाडी घ्या, नाहीतर माहीमची, प्लास्टिकची पिशवी इनटेकच्या जाळीला चिकटणं रोजचं आहे. टेलटेलची धार बारीक झाली की तिथेच थांबा, पिशवी काढा. "धक्क्यावर गेल्यावर बघू" म्हणत तापलेली मशीन तशीच आणली की गॅस्केट उडते आणि पिस्टन ओरखडतो. इम्पेलर आम्ही दर दोन वर्षांनी बदलतो. थर्मोस्टॅट (तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप) असलेल्या मशिनीचा थर्मोस्टॅट काढून पातेल्यात पाणी तापवून उघडतो का ते बघा. मीठ धरून तो बंद अवस्थेत अडकतो.

परत प्लग बसवताना आट्यांना अँटीसीझ ग्रीसचा पुसटसा हात लावा आणि पहिले सगळे आटे बोटांनी फिरवा. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, तिरका आटा पडला की गेला. आमची वही मशिनीच्या कव्हरमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत असते. तारीख, गेज, दोरी कोणी ओढली, एक नंबर, दोन नंबर. गेल्या पावसाळ्याआधी ८९ आणि ८६ होते. नारळी पुनवेच्या आदल्या संध्याकाळी मोजले, ८८ आणि ८६.